धाकटीची साक्ष

मास्तर बाटली आधी हुंगायचे आणि मग बोलायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच रीत होती. जामदारखान्याच्या दारात कोणी येऊन उभं राहिलं की मान न वळवता म्हणायचे, "तंबाखू बाहेर ठेवून या." नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. पेठेतले लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे जडपाणी. मास्तर म्हणण्याजोगं त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तरुणपणी मुंबईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला होते, तिथून एका जवाहिऱ्याकडे गेले, आणि पन्नाशी उलटल्यावर कसे कोण जाणे, आमच्या जव्हार संस्थानात रत्नपारखी म्हणून येऊन टेकले. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. पाच वर्षं होतो. त्या पाच वर्षांत मी त्यांच्याशी एकच खोटं बोललो, पण ते पुन्हा पुन्हा बोललो. आता माझं वय असं झालंय की काल काय जेवलो ते आठवत नाही. ते खोटं मात्र शब्दाशब्दानं आठवतं.

जडपाणी हे नाव खरं म्हणजे त्यांच्या बाटल्यांचं. साध्या पाण्यात कुठलाही खडा बुडतो. मास्तरांच्या पाण्यांचं तसं नव्हतं. ती इतकी जड की काच, स्फटिक असले हलके खडे त्यांच्यावर लाकडाच्या ढलपीसारखे तरंगायचे, आणि माणिक, नीलम सरळ तळाला जायचे. दोन खडे दिसायला जुळे असले तरी वजनात फसवू शकत नाहीत. कुठला खडा कुठल्या पाण्यात बुडतो आणि कुठल्यात तरंगतो, एवढ्यावरून मास्तर त्याची जात सांगायचे.

बाटल्या तीन. थोरली, मधली आणि धाकटी. ही नावं त्यांनीच ठेवलेली, आणि बोलायचेही त्यांच्याविषयी घरातल्या सुनांविषयी बोलावं तसं. थोरली सगळ्यांत जड, पिवळसर, आणि उजेडाची वैरीण. एकदा नव्या पहारेकऱ्यानं वारा यावा म्हणून उत्तरेची खिडकी उघडून ठेवली आणि नेमकी थोरली टेबलावर होती. दोन दिवसांत ती विड्याच्या पिंकेसारखी लाल झाली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे करून तिच्या पोटात सोडले, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिला हलवत बसले. रंग उतरला तेव्हा मला म्हणाले, "गेला बघ राग तिचा." तेव्हापासून तांब्याची एक तार तिच्यात कायमची राहिली.

मधली बिचारी गरीब. तिला उजेडापासून जपलं की पुरे. काय तो छळ धाकटीचा. धाकटी म्हणजे मधलीचंच पाणी, बेंझिन घालून पातळ केलेलं. पातळ तरी किती, तर स्फटिकाचा कण तिच्यात ना बुडावा ना वर यावा, मधोमध अधांतरी राहावा, इतकंच. पाचू स्फटिकापेक्षा जेमतेम जड. तो धाकटीत सावकाश तळाला जातो आणि साधी हिरवी काच वर राहते. पण बेंझिन ही उडून जाणारी चीज. बूच जरा सैल राहिलं की ते उडतं, मागे उरलेलं पाणी जड होऊन बसतं, आणि मग खरा पाचूसुद्धा काचेसारखा वर तरंगतो. मास्तर हे मला पहिल्या दिवशी सांगून मोकळे झाले नाहीत. रोज सांगायचे. मला वाटायचं, काय हा म्हातारा, तेच तेच दळण.

तिघींचा मुक्काम उत्तरेच्या भिंतीतल्या फडताळात, काळ्या फडक्यात गुंडाळून, भाताचं तूस भरलेल्या पेटीत. प्रत्येकीचा चिमटा वेगळा, पुसायचं फडकं वेगळं. एकीतून काढलेला खडा स्पिरिटनं धुतल्याशिवाय दुसरीत जाता कामा नये. बाटलीतलं पाणी जिथवर असेल तिथे बाहेरून दोरा बांधलेला. दर सोमवारी मास्तर नखानं काचेवर टिचक्या मारत खालून वर यायचे. पाण्याची पातळी संपली की आवाज बदलतो, आणि दोरा नेमका तिथेच हवा. पावसाळ्यात पेटीखाली कोळशांची पाटी, उन्हाळ्यात पेटीवर ओला गोणपाट. चैत्र-वैशाखात जव्हारच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो, बाया दोन दोन हंड्यांसाठी तासन् तास बसतात, आणि इकडे आमचं गोणपाट भिजवणं चाललेलं. पेठेत लोक म्हणायचे, माणसांना प्यायला नाही आणि जडपाणी बाटल्यांना आंघोळ घालतोय. त्यात खोटं काही नव्हतं. पण मास्तर स्वतःच्या वाटणीच्या घागरीतलं पाणी त्यासाठी द्यायचे आणि स्वतः एक दिवसाआड आंघोळ करायचे, हे पेठेला कुठून माहीत असणार?

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "पाण्याला भीड नसते." एकदा कुठलेसे पाहुणे सरदार आले होते, बोटात हा एवढा पुष्कराज. गंमत म्हणून त्यांनी तो मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी तो कोंदणातून काढायला लावला, मधलीत सोडला, आणि तो वर तरंगला. पिवळा स्फटिक निघाला. मी डोळ्यांनी खुणा करतोय, दिवाणसाहेब खाकरताहेत, आणि मास्तर पाहुण्यांना समजावून सांगताहेत की खरा असता तर कसा झपकन तळाला गेला असता. पाहुणे पानावर न बसताच निघून गेले. दिवाणसाहेबांनी विचारलं, जरा गोड बोलता आलं नसतं का? मास्तर म्हणाले, पाण्याला भीड नसते. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं की आपलं काय चुकलं.

आणि हाच माणूस डोंगरातल्या बाया ओच्यात दगड घेऊन आल्या की तास तास बसायचा. ओढ्यात, नांगराच्या फाळाखाली सापडलेले चकाकते दगड. निघायचं त्यातून काडीचं नाही. पण मास्तर प्रत्येक दगड धुऊन, पुसून, पाण्यात सोडून बघायचे आणि त्या बाईला सांगायचे, हा अमका, हा तमका, किंमत नाही पण दगड चांगला आहे. अशीच एक म्हातारी एकदा नितळ स्फटिक घेऊन आली. त्याचा मुगाएवढा कण काढून मास्तरांनी तो धाकटीचा साक्षीदार केला.

साक्ष ही त्यांची सगळ्यांत मोठी खोड. स्फटिक मुंबईचा असो की जव्हारच्या ओढ्यातला, त्याचं वजन बदलत नाही. म्हणून कुठलीही परीक्षा करायच्या आधी तो कण धाकटीत सोडायचा, पाणी निवळेपर्यंत शंभर अंक मोजायचे आणि बघायचं. मधोमध राहिला तर पाणी खरं. वर आला किंवा खाली गेला तर पाणी बिघडलं, परीक्षा बंद. साक्ष घेतल्याशिवाय निकाल नाही. महाराज स्वतः येऊन उभे राहिले तरी नाही.

चौथ्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस दिसायचा, बाटली दिसायची, खडा वर की खाली तेही दिसायचं. तो मुगाएवढा नितळ कण नितळ पाण्यात काही दिसेना. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली तर त्या बाटल्यांखेरीज त्यांना होतं कोण? तेव्हापासून साक्ष घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी चिमटा माझ्या हातात देताना म्हणाले, "माझे डोळे गेले तरी चालतील, तुझे खोटे निघता कामा नयेत." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता लिहितानाही लाज वाटते.

पेठेत एक सोनार होता. तीन पिढ्या जव्हारात, सरकारी दागिन्यांचं कामही त्याच्याकडेच. शिरपेचातल्या मोठ्या पाचूची पकड ढिली झाली म्हणून शिरपेच त्या सोनाराकडे गेला होता. दुरुस्त होऊन आला आणि कुणीतरी दिवाणसाहेबांच्या कानाशी लागलं की खड्याचं पाणी फिकं दिसतंय, बदलला तर नसेल? झालं. वैशाखातला एक दिवस ठरला, सोनारालाही बोलावलं. मास्तरांपुढे सगळ्यांसमक्ष परीक्षा.

मी त्या आधी चार दिवस डहाणूला मेहुणीच्या लग्नाला गेलो होतो. निघायच्या सकाळी साक्ष घेतली होती, ती ठीक होती. पण बाहेर गाडी जुंपलेली, बायको हाका मारतेय, मी धाकटीचं बूच लावलं, वर फडकं बांधलं आणि पळालो. मेणानं बंद करायचं राहिलं. बूच तिरकं बसलं होतं, हे फडक्यामुळे कुणाला दिसायचं कारण नव्हतं. चार दिवस त्या वैशाखाच्या उन्हात धाकटी उघडीच होती म्हणा ना.

परत आलो तो परीक्षेच्याच दिवशी, अंगावरचे लग्नातले कपडे बदलून धावत. दिवाणसाहेब येऊन बसलेले. सोनार भिंतीशी उभा, पागोटं नीट बांधून, हात जोडून. मास्तरांनी फडताळाकडे तोंड करून मला विचारलं, "धाकटीची साक्ष घेतलीस?"

नाही म्हणायला हवं होतं. काय झालं असतं? पाव तास सगळे थांबले असते. दिवाणसाहेबांच्या कपाळावर आठी पडली असती, मास्तर चारचौघांत मला दोन शब्द बोलले असते. तेवढंच. पण तेवढंही मला नको होतं. शिवाय वर्षभर रोज तो कण मधोमधच राहिलेला मी बघत होतो, आजच काय आभाळ कोसळणार होतं? मी म्हणालो, "घेतली, मास्तर. ठीक आहे."

माझ्या शब्दावर मास्तरांनी बाटली हुंगलीही नाही, आणि मी घाईनं बूच काढून शिरपेचातून सोडवलेला पाचू धाकटीत सोडला. तो वर आला. सगळ्यांनी बघितलं, दिवाणसाहेबांनी तर वाकून बघितलं. मास्तरांनी चिमट्यानं तो तळाशी नेऊन सोडला, तो पुन्हा वर आला. मास्तर म्हणाले, काच आहे.

सोनार रडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "खडा तोच आहे, मास्तर. पाण्याला परत विचारा."

"पाण्याला भीड नसते," मास्तर म्हणाले.

दिवाणसाहेबांनी त्याला शिक्षा केली नाही. चौकशी होईपर्यंत दागिना जामदारखान्यात राहील, एवढंच सांगितलं. शिक्षा पेठेनं केली. लोकांनी आपापले दागिने त्याच्याकडून परत मागून न्यायला सुरुवात केली. विहिरीवर त्याच्या बायकोशी कुणी बोलेना. पाचव्या दिवशी भाता, ऐरण, भांडीकुंडी गाडीत घालून तो संस्थानाच्या हद्दीबाहेर मोखाड्याला निघून गेला. तीन पिढ्यांचं दुकान, दाराला साधी कडी लावून.

परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर डोळे दाखवायला नाशिकला गेले होते. जामदारखान्यात मी एकटा. फडकं सोडलं, आणि आदल्या दिवशी घाईत काढलेलं बूच तिरकं होतं, त्याला मेण नव्हतं, हे आता आठवलं. साक्षीदार आत सोडला. शंभर मोजायची गरजच पडली नाही, बुचासारखा तो वर येऊन बसला. म्हणजे पाचू खरा होता. सोनार तेव्हा अजून गावातच होता, त्याची भट्टी चालू होती, आवाज माझ्या कानावर येत होता. मी उठून दिवाणसाहेबांकडे जायला हवं होतं. मी काय केलं? बेंझिनची बाटली काढली आणि थेंब थेंब करत धाकटीत घालत बसलो, कण मधोमध येईपर्यंत. मग बूच घट्ट लावलं, मेण लावलं, फडकं बांधलं. इतक्या निगुतीनं ते काम मी आधी कधी केलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मास्तर परतले. डोळ्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. आल्या आल्या पाय न धुता फडताळ उघडलं. धाकटी काढली, हुंगली आणि थांबले. पुन्हा हुंगली. मग नखानं टिचक्या मारत वर गेले. आवाज नेमका दोऱ्यापाशी बदलला. मग बेंझिनची बाटली घेतली, तिच्यावरही टिचक्या मारल्या. तिथे मात्र आवाज दोऱ्याच्या चांगला बोटभर खाली बदलला.

"बेंझिन घातलंस?"

"घातलं. उन्हानं थोडं उडालं होतं."

"केव्हा?"

"परवा."

"आणि परीक्षेच्या दिवशी साक्ष ठीक होती?"

माझ्या मनात होतं सांगायचं, देवाशपथ होतं. तरी मी म्हणालो, "होती."

मास्तरांनी बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाले, "मग माझंच नाक चुकत असेल." आणि धाकटी पेटीत ठेवून दिली. त्यांच्या नाकानं आजवर एकदाही चूक केली नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो तर ते दिवाणसाहेबांकडे जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं होतं की आपल्याला साक्षीदार दिसत नाही, वर्षभर दिसत नव्हता, त्या दिवशी आपण साक्ष न घेताच निकाल दिला, परीक्षा पुन्हा करा. माझं नावही काढलं नव्हतं. परीक्षा पुन्हा झाली. पाचू धाकटीच्या तळाशी शांतपणे जाऊन बसला. दिवाणसाहेब भला माणूस, त्यांनी त्याच दिवशी मोखाड्याला स्वार पाठवला की आळ खोटा ठरला, सन्मानानं परत या. स्वार उत्तर घेऊन आला, निरोप पोचला, पण सोनार येत नाही म्हणतो. मास्तरांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता.

जाण्याआधी ते मला म्हणाले, मोखाड्याला जायचंय, चल बरोबर. मला वाटलं, डोळ्यांना दिसत नाही, घाटाचा रस्ता, हाताला कोणी हवं. एका वारल्याची गाडी ठरवली. पहाटे निघालो. डोंगरउतारांवर पालापाचोळ्याचा राब भाजून काळे झालेले तुकडे, पुढे नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं व्हायची ती त्यात. मास्तर सगळी वाट बोलत नव्हते. गाडीवान मात्र बोलका. कुणाकडं जाताय विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला, "भला मानूस हाय तो. माझे पोरीचा वाळा त्यानंच जोडला." मी हं केलं आणि दुसरीकडे बघत राहिलो.

मोखाड्याचा बाजाराचा दिवस होता. सोनार एका पडवीत बसला होता, पुढ्यात चांदीच्या साखळ्या, वाळे, डोंगरातल्या बायांची गर्दी. जव्हारात शिरपेच घडवणारा हात इथे वाळ्यांचे सांधे डाग देऊन जोडत होता. आम्हाला बघून उठला, बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मास्तरांनी पाण्याला हात लावला नाही. उभे राहूनच म्हणाले, "मी साक्ष न घेता तुझ्यावर निकाल दिला. माझी चूक. माफी मागायला आलोय."

सोनारानं हात जोडले. मग अगदी खरंच न कळल्यासारखं त्यानं विचारलं, "पण मास्तर, साक्ष तर तुम्ही कधीच चुकवत नव्हता. त्याच दिवशी कसं झालं?"

मास्तरांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं. वाट बघितल्यासारखे उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी, त्यांचा कोपर माझ्या हातात. बाजाराचा गलका चालला होता. मी खाली वाळ्यांकडे बघत होतो. एक वाळा अजून तापलेला होता, त्यावर सोनाराची बायको पाणी शिंपडत होती.

"म्हातारा झालो," शेवटी मास्तर म्हणाले.

सोनारानं त्यांच्या पायांना हात लावला. राग नाही म्हणाला. पण जव्हारला येणार नाही, तिथल्या विहिरीवर बायकोला पुन्हा पाठवणार नाही म्हणाला. मास्तरांनी मान हलवली आणि मग तांब्यातलं पाणी सगळं प्यायले.

तिथे एका धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी परत निघालो. चढ सुरू झाल्यावर बैलांना ओझं नको म्हणून आम्ही दोघं उतरून चालायला लागलो. मी मास्तरांचा हात धरला, तसा त्यांनी तो सोडवून घेतला आणि भराभर चालायला लागले. दगड आला की पाऊल बरोबर बाजूला पडत होतं, वळण आलं की वळत होते. मी मागे धावत म्हणालो, मास्तर, जपून, वाट वाईट आहे.

"वाट मला पाठ आहे," ते न थांबता म्हणाले. "ओढ्यातले दगड बघायला दहादा आलोय इथे. तुला वाटेसाठी नव्हतं आणलं."

पुढे जव्हार येईपर्यंत ते गाडीवानाशी यंदाच्या नागलीविषयी बोलत राहिले.